ऑफिसचं काम लिहून ठेवायचा कंटाळा येतो? मग स्क्रीन रेकॉर्ड करा!

आमच्या ऑफिसात बिलिंग ॲप एकट्या ताईच बघायच्या. त्या बहिणीच्या लग्नाला गावी गेल्या, तर हळदीच्या दिवशीही आमचे त्यांना दहा फोन! सर कधीपासून सांगत होते, "प्रोसेस लिहून ठेवा." पण लिहिलं कोणीच नाही. मीसुद्धा नाही. रोजचं काम सांभाळून लिहिणार कधी?

आता आम्ही लिहीत नाही, काम करता करताच दाखवतो.

कसं करायचं?

१. अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या बहुतेक फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डर असतोच. वरून खाली स्वाइप करा, क्विक सेटिंग्जमध्ये सापडेल. आयफोनमध्ये तो कंट्रोल सेंटरमध्ये असतो.

२. माईक चालू ठेवा आणि काम करत मराठीतच बोला. एका व्हिडिओत एकच काम, दोन-तीन मिनिटांत.

३. व्हिडिओ गूगल ड्राइव्हच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तो चार दिवसांत हरवतो.

४. नवीन माणसाला फक्त व्हिडिओ बघून काम करू द्या. तो जिथे अडेल, तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड करा.

लक्षात ठेवा: रेकॉर्डिंगआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. पासवर्ड, ओटीपी, ग्राहकांचे नंबर व्हिडिओत येऊ देऊ नका.

"सगळं शिकवलं तर माझी गरज काय?" ही ताईंची शंका खरी होती. म्हणून सरांनी शिकवण्याचं काम अधिकृतपणे त्यांच्याकडेच दिलं. दिवाळीत ताई पुन्हा गावी गेल्या. या वेळी आमचा एकच फोन गेला, शुभेच्छांचा!