घरासाठी उंच शिडी निवडताना : आधी काम मोजावे, मग शिडी

दसरा-दिवाळी तोंडावर आली की घरोघरी माळे रिकामे होतात, पंख्यांवरची धूळ उतरते आणि आकाशकंदिलासाठी बाल्कनीबाहेर हात लांबवले जातात. अनेक घरांत या कामांसाठी शिडी नसतेच. जेवणाच्या टेबलावर स्टूल आणि स्टुलावर माणूस अशी उतरंड रचली जाते. काही घरांत शिडी असते, पण ती कामाच्या मानाने एक-दोन फूट आखूड असते. ही उणीव चवड्यांवर उभे राहून भरून काढली जाते आणि घात तिथेच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे प्राण गमावतात. अपघाती दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि साठीपुढील व्यक्तींना त्याचा सर्वाधिक धोका असतो. हे सर्वच शिडीवरून पडलेले नसतात. मात्र घरातील शिडीची योग्य निवड ही आपल्या हातातील गोष्ट आहे.

शिडीची उंची आणि पायांची उंची

दुकानात सहाफुटी म्हणून मिळणाऱ्या घडीच्या शिडीवर, म्हणजे रंगारी ज्याला घोडा म्हणतात त्यावर, सहा फुटांवर उभे राहता येत नाही. तिचा माथा आणि त्याखालची पायरी उभे राहण्यासाठी नसते. पायऱ्यांमध्ये साधारण एक फुटाचे अंतर धरले, तर पाय जास्तीत जास्त चार फुटांवर टेकतात. मध्यम उंचीच्या व्यक्तीचे हात पायांपासून सुमारे सहा फुटांपर्यंत आरामात काम करू शकतात. म्हणजे सहाफुटी शिडीवरून दहा फूट उंचीवरील काम नीट होते.

आजच्या सदनिकांमध्ये छत साधारण नऊ ते दहा फुटांवर असते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट आहे. अशा घराला सहाफुटी शिडी पुरते. जुन्या वाड्यात किंवा बंगल्यात छत बारा फुटांवर असेल, तर आठफुटी शिडी लागेल. हिशेब सोपा आहे. कामाच्या उंचीतून सहा फूट वजा करावेत, म्हणजे पायांची उंची मिळते. त्यात दोन फूट मिळवले की शिडीची उंची येते.

गच्चीसाठी वेगळे गणित

गच्चीवरची पाण्याची टाकी किंवा कौलारू छप्पर गाठण्यासाठी भिंतीला टेकवायची शिडी लागते. घडीची शिडी मिटवून भिंतीला टेकवणे धोक्याचे असते, कारण तिचे पाय त्या कोनात जमिनीवर नीट बसत नाहीत.

टेकवलेल्या शिडीसाठी चारास एक हे प्रमाण जगभर मानले जाते. शिडी चार फूट उंचीवर टेकत असेल, तर तिचा पाया भिंतीपासून एक फूट दूर असावा. पाया याहून दूर गेला, तर तो घसरतो. फार जवळ आला, तर शिडी चढणाऱ्यासह मागे कलते. हे पडताळण्याची रीत अशी : शिडीच्या पायाशी बोटे टेकवून ताठ उभे राहावे आणि हात खांद्यांच्या रेषेत समोर धरावेत. तळवे पायरीला सहज लागले, तर कोन योग्य आहे.

गच्चीवर उतरायचे असेल, तर शिडी कठड्याच्या वर किमान तीन फूट निघालेली असावी. चढता-उतरताना धरायला तोच आधार असतो. कठडा बारा फुटांवर असेल, तर हा कोन आणि वरचे तीन फूट धरून सुमारे सोळा फूट लांबीची शिडी लागते. दोन भागांच्या सरकत्या शिडीची छापील लांबी मात्र फसवी असू शकते. दोन्ही भाग एकमेकांवर किमान तीन फूट चढलेले राहावे लागतात. त्यामुळे प्रत्येकी दहा फुटांच्या दोन भागांची 'वीसफुटी' शिडी प्रत्यक्षात सतरा फूटच वापरता येते. दुकानदाराला एकूण लांबीऐवजी वापरण्याजोगी लांबी विचारावी.

भार किती पेलेल?

शिडीवर कमाल भाराची खूण असते. त्या भारात माणसाबरोबर त्याच्या हातातील सर्व वस्तू मोजल्या जातात. ७५ किलो वजनाची व्यक्ती दहा लिटर रंगाचा डबा आणि हत्यारे घेऊन चढली, तर एकूण भार ९० किलोंच्या पुढे जाऊ शकतो. अमेरिकी वर्गवारीतील सर्वांत हलक्या शिडीची मर्यादा सुमारे ९० किलो, तर सर्वांत दणकट शिडीची सुमारे १७० किलो आहे. युरोपच्या ईएन १३१ मानकात कमाल भार १५० किलो आहे आणि भारतीय बाजारातील अनेक शिड्यांवर हाच आकडा आढळतो. भारतीय मानक ब्युरोची शिड्यांबाबतची सुरक्षा संहिता आयएस ३६९६ च्या दुसऱ्या भागात आहे. ज्या शिडीवर भाराची किंवा मानकाची कोणतीच खूण नाही, ती स्वस्त असली तरी टाळावी.

अ‍ॅल्युमिनियम, बांबू की फायबर?

अ‍ॅल्युमिनियमची शिडी हलकी असते आणि गंजून झिजत नाही, म्हणून घरोघरी तीच दिसते. पण ती विजेची उत्तम वाहक आहे. दिवा किंवा पंखा बदलताना केवळ भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, मुख्य फलकावरील एमसीबी खाली करावा. विजेची कामे वारंवार होत असतील, तर फायबर-ग्लासची शिडी घ्यावी. ती जड आणि महाग असते, परंतु कोरडी व स्वच्छ असेल तर वीज वाहून नेत नाही. बांबू आणि लाकूड भिजले की त्यांचा भरवसा उरत नाही. लाकडी शिडीला रंगही देऊ नये, कारण रंगाखाली भेगा झाकल्या जातात. पारदर्शक वॉर्निश चालते. घराजवळून वीजवाहिनी जात असेल, तर कोणत्याही प्रकारची शिडी तिच्यापासून किमान दहा फूट दूर ठेवावी.

ठेवायला जागा नसल्यास टेलिस्कोपिक शिडी सोयीची वाटते, कारण मिटल्यावर ती जेमतेम तीन फुटांत मावते. मात्र तिच्या प्रत्येक टप्प्याचे लॉक बसल्याची खात्री चढण्यापूर्वी करावी लागते आणि मिटवताना बोटे चेमटण्याची भीती असते. घरातील वयस्कर व्यक्तीही शिडी वापरणार असतील, तर रुंद पायऱ्या, उभे राहण्यासाठी फळी आणि वर धरायला कठडा असलेली शिडी अधिक योग्य ठरते.

दुकानात पाहायच्या गोष्टी

शिडी पूर्ण उघडून पहिल्या दोन पायऱ्या स्वतः चढून पाहाव्यात. ती डुलता कामा नये. चारही पायांचे रबरी बूट घट्ट असावेत, पायऱ्यांवर खाचा असाव्यात, रिव्हेट सैल नसावेत आणि दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या पट्ट्या पूर्ण ताणून बसाव्यात. रबरी बुटांचे सुटे जोड मिळतात का, हेही विचारावे, कारण सर्वांत आधी तेच झिजतात. शिडी लिफ्टमध्ये मावेल का आणि एकट्याला उचलेल का, हे घरी आल्यावर नव्हे, तर पैसे देण्यापूर्वी पाहावे.

वापरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम राहावेत. कमरेचा मध्य शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाऊ देऊ नये. हात पुरत नसेल, तर खाली उतरून शिडी सरकवावी. चक्कर येत असेल, झोप आणणारे औषध घेतले असेल किंवा घरात दुसरे कोणी नसेल, तर काम पुढे ढकलावे. कोणी पडलेच आणि मान किंवा पाठ दुखत असेल, तर त्यांना उठवून बसवू नये, ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी.

घरातील शिडीवर घरचेच लोक चढतात असे नाही. पंखा दुरुस्त करणारा वायरमन, रंगारी आणि साफसफाईला येणाऱ्या ताई यांनाही आपण तीच शिडी देतो. ती किती भार पेलते आणि तिची कोणती पायरी सैल झाली आहे, हे त्यांना ठाऊक नसते. ते सांगणे, आणि शिडी सदोष असेल तर ती न देणे, ही घरमालकाची जबाबदारी आहे.