भैरवाचे स्वर आणि लाटांची गिटार

भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणीच्या आश्रयाने वसलेल्या आमच्या नंदिनी नगरातून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर. तरीही समुद्राच्या लाटांवरून जिचे नाव पडले, त्या ‘सर्फ’ शैलीच्या गिटारवादनाविषयी येथे बसून लिहिताना मला परकेपणा वाटत नाही, कारण ते वादन मुळात पोलादाचेच अपत्य आहे. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची पोलादी तार कंप पावली म्हणजे चुंबकीय क्षेत्र हालते, वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उमटतो आणि तोच वर्धित होऊन ध्वनिरूपाने बाहेर पडतो. पुढे हाच प्रवाह पोलादी स्प्रिंगांतून फिरवून, विहिरीत हाक मारावी तसा घुमारा त्याला देण्याची युक्ती निघाली आणि तो घुमारा या शैलीची ओळखच होऊन बसला.

या शैलीचा आद्य पुरुष डिक डेल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, बाल्बोआच्या राँदेव्हू नृत्यगृहात तो वाजवीत असे. डावखुरा असल्यामुळे उजव्या हाताची गिटार तो उलटी धरी, आणि तारांचा क्रम मात्र बदलीत नसे. त्याचे पितृकुल लेबनॉनचे. चुलत्याचे ऊद हे अरबी तंतुवाद्य त्याच्या कानावर बालपणीच पडलेले. १९६२ साली निघालेली त्याची ‘सर्फर्स चॉइस’ ही तबकडी म्हणजे नाना मुलुखांच्या संगीताचा मेळ आहे: कृष्णवर्णीय अमेरिकनांची ऱ्हिदम अँड ब्लूज गीते तीत आहेत, बहामा बेटांवरचे लोकगीत आहे, आणि पूर्व भूमध्य प्रदेशातली ‘मिसिरलू’ ही जुनी धून ट्विस्ट नृत्याच्या ठेक्यावर चढविलेली आहे. या धुनेचे स्वर मराठी श्रोत्याने लक्षपूर्वक तपासावेत. कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, शुद्ध निषाद. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ज्याला भैरव थाट म्हटले, तोच हा.

मुंबईत ही लाट चित्रपटाच्या मार्गाने आली. राजा नवाथे यांच्या ‘गुमनाम’मध्ये (१९६५) शंकर-जयकिशन यांनी ‘जान पहचान हो’ या गीताला जी धावती, खणखणीत गिटार दिली, तिच्यावर या किनारी शैलीची छाप स्पष्ट आहे. लक्ष्मी छाया यांच्या नृत्यासह ते गीत पुढे ‘घोस्ट वर्ल्ड’ (२००१) या अमेरिकन चित्रपटाच्या प्रारंभीच दिसले.

परंतु माझ्या मते या संगीतकारद्वयाचे अधिक धाडसी कार्य म्हणजे १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी. ती सर्फ नव्हे, जॅझ आहे. परंतु भिन्न शैलींना एका पंक्तीस बसविण्याची जिद्द तीच. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग, सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत, आणि इलेक्ट्रिक गिटारीवर दिलीप नाईक व अनिबाल कास्ट्रो. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर ज्यांच्या नावाचा दाखला सहसा मिळत नसे, असे हे वादक येथे गायकाच्या सावलीतून बाहेर येतात.

भैरव या अकरांतही आहे, आणि तो ‘मिसिरलू’शेजारी ठेवला की थाट व राग यांतला भेद कोणत्याही ग्रंथापेक्षा लवकर उमगतो. डेलपाशी थाट, म्हणजे नुसता स्वरांचा संच, आहे; राग नाही. त्याचा अतिद्रुत आघात तारेला क्षणाचीही उसंत देत नाही, आणि भैरवाचा प्राण तर कोमल ऋषभ-धैवतांच्या संथ आंदोलनात असतो. मुंबईच्या वादकांना ते आंदोलन ठाऊक आहे. मात्र प्रत्येक रागाच्या वाट्याला काही मिनिटेच आल्यामुळे विस्ताराला वाव उरत नाही, आणि काही ठिकाणी राग केवळ सुरेल धून होऊन राहतो, हा संगीतशास्त्रज्ञांचा आक्षेप मला मान्य करावा लागतो. तरीही सतारीची मींड संपते तेथून गिटार पुढला धागा उचलते, त्या जागी दोन्ही तंतुवाद्ये एकमेकांचे ऐकत आहेत, हे जाणवल्याशिवाय राहत नाही.

वाचकांना माझी विनंती एवढीच, की एखाद्या सकाळी प्रथम ‘मिसिरलू’ आणि लगेच तो मुंबईचा भैरव ऐकावा, आणि दोन्ही वेळा कान कोमल ऋषभाकडे ठेवावा.