संगणकाच्या तक्त्यांतील अनुक्रमांक

हल्लीं आपल्या मावळांत भाताच्या बियाण्याची मागणी असो, दुधाचा हिशेब असो वा मजुरांची हजेरी असो, यादी कागदावर न राहतां संगणकावर किंवा हातांतील फोनवर जाऊं लागली आहे. परंतु दफ्तरांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस त्यांत एक गोष्ट वारंवार खटकते. तक्ता संगणकाचा, बेरीज संगणकाची, आणि पहिल्या रकान्यांतील अनुक्रमांक मात्र माणूस हातानें टंकीत बसतो! शंभर-दीडशें नांवें झालीं कीं कोठें सत्तेचाळीस दोनदां येतो, कोठें अठ्ठावन्न गळतो. आणि शेवटचा आंकडा हीच सभासदांची संख्या समजून बियाण्याच्या पिशव्या मागविल्या जातात. हें काम यंत्राकडून कसें करून घ्यावें, व कोठें करून घेऊं नये, तें येथें सांगतों.

असा तक्ता मांडणारी पहिली लोकप्रिय योजना ‘व्हिजिकॅल्क’ ही १९७९ सालीं अमेरिकेंत निघाली. आज आपल्याकडे ‘एक्सेल’, ‘गूगल शीट्स’ व फुकट मिळणारें ‘लिब्रे ऑफिस’ हीं चालतात. तिहींची रीत बहुतेक एकच आहे. उभ्या रकान्यांस इंग्रजी अक्षरांचीं नांवें, आडव्या ओळींस आंकडे. म्हणजे ए रकान्यांतील चौथ्या ओळीचें घर तें ए४.

सर्वांत सोपी रीत अशी. पहिल्या घरांत १ व खालच्या घरांत २ लिहावा, दोन्ही घरें निवडावीं, आणि उजव्या कोपऱ्यांतील बारीक चौकोन धरून खालीं ओढावा. यंत्र ३, ४, ५ असे आंकडे भरीत जातें. एक्सेलमध्यें एकटा १ लिहून ओढला तर खालीं सर्वत्र १ च उमटतो, म्हणून दोन आंकडे द्यावयाचे. परंतु हे आंकडे हातानें लिहिल्यासारखेच स्थिर असतात. चौदावी ओळ काढली कीं तेरानंतर पंधरा येतो.

ही अडचण नको असेल तर आंकड्याच्या जागीं सूत्र लिहावें. (सूत्रें आम्ही देवनागरींत दिलीं आहेत, यंत्रावर अक्षरें व अंक इंग्रजी असावे. ‘रो’ हा शब्द आर-ओ-डब्ल्यू असा लिहावा.) समजा, पहिल्या दोन ओळींत संस्थेचें नांव व साल आहे, तिसरींत रकान्यांचीं शीर्षकें आहेत, आणि नांवें चौथीपासून सुरू होतात. तर ए४ मध्यें =रो()-रो($ए$३) असें लिहून तें खालीं ओढावें. अर्थ इतकाच कीं, ही ओळ कितवी, त्यांतून शीर्षकाची ओळ कितवी तें वजा. मधली ओळ काढली तरी खालचे क्रमांक आपोआप वर सरकतात. नवी ओळ घातली तर तींत मात्र सूत्राची नक्कल करावी लागते. एक्सेलमध्यें यादीस ‘टेबल’ केलें असतां तेंही यंत्र करतें.

गांववार याद्यांत मध्यें रिकाम्या ओळी सोडण्याची चाल आहे. पवन मावळ संपलें, एक ओळ मोकळी, मग नाणे मावळ, मग आंदर मावळ. तेथें वरील सूत्र रिकाम्या ओळीसही क्रमांक देतें. नांवें बी रकान्यांत असतील तर =इफ(बी४="","",काउंटए($बी$३:बी४)-१) हें लिहावें. नांव नसेल तेथें घर कोरें राहतें, व पुढील नांवास बरोबर पुढचा आंकडा मिळतो.

आतां महत्त्वाची गोष्ट. सूत्राचा क्रमांक हा जागेचा असतो, माणसाचा नव्हे. यादी आडनांवाप्रमाणें लावली कीं कालचा सदतिसावा शेतकरी आज बारावा होतो. आम्ही एका संस्थेची बियाणेवांटप-यादी पाहिली आहे. पावतीवर यादींतील अनुक्रमांक टाकला होता. नंतर दोन मयत सभासदांच्या ओळी काढल्या. पुढचे सर्व क्रमांक दोनांनीं उतरले, आणि पैसे भरलेल्यांच्या पावत्या दुसऱ्यांच्या नांवांस जुळूं लागल्या. ज्यानें पैसे भरले त्याची बाकी निघाली. भांडण व्हावयाचें तें झालेंच.

महसूल खात्याची रीत यासाठींच निराळी आहे. आपल्याच जिल्ह्यांत इंदापूर तालुक्यांत १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीन-मोजणी सुरू झाली. अशा मोजणींत शेतास जो नंबर पडला, तो वांटणीनंतरही बदलीत नाहींत. १२ चे १२/१ व १२/२ असे पोटहिस्से पाडतात. फेरफाराची नोंद नामंजूर झाली तरी तिचा नंबर दुसऱ्या नोंदीस देत नाहींत. आणि १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वयें ज्या गांवांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेथें जुन्या दस्तावरून जमीन ओळखावयाची तर आजही जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालावा लागतो. नंबर बदलणें किती महाग पडतें, तें कोर्टांत हेलपाटे घातलेल्यांस विचारावें.

म्हणून यादींत दोन रकाने ठेवावे. पहिला अनुक्रमांक सूत्रानें, केवळ मोजणीसाठीं. दुसरा सभासद क्रमांक किंवा पावती क्रमांक कायमचा. तो ओढून भरला तरी चालेल, पण आंकडाच असावा, सूत्र नसावें. सूत्रानें भरला गेलाच असेल तर रकान्याची नक्कल करून त्याच जागीं ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘व्हॅल्यूज’नें चिकटवावी, म्हणजे आंकडे गोठतात. सभासद गेला तर त्याची ओळ न काढतां शेऱ्याच्या रकान्यांत तसें लिहावें.

जाता जातां आणखी एक. जमिनीचा नंबर १२/१ असा टंकला कीं हीं यंत्रें त्यास तारीख समजतात, आणि एक्सेलमध्यें तर घरांत महिन्याचें नांव उमटतें. फार काय, ७/१२ लिहिलें तरी तेंच होतें! यास्तव नंबर लिहिण्यापूर्वीं तो रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा. एक-दोनच घरें असतील तर नंबराच्या आधीं एकेरी अवतरणचिन्ह टंकावें. तें घरांत दिसत नाहीं व नंबर जसाच्या तसा राहतो. तारीख होऊन गेल्यावर प्रकार बदलून मूळ नंबर परत येत नाहीं, तो उतारा पाहून नव्यानेंच लिहावा लागतो.