वेगवान मोटारीचे ब्रेक : सिरॅमिक की पोलादी?

मोटार विकत घेताना ती किती वेगाने धावते याची चौकशी सर्वजण करतात; ती थांबते कशी, हे विचारणारा क्वचितच आढळतो. स्पोर्ट्‌स मोटारीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विक्रेताच पुढे करतो. नेहमीच्या पोलादी ब्रेकांऐवजी सिरॅमिक ब्रेक हवे असल्यास तो काही लाख रुपये अधिक मागतो. नागपुरात, सक्करदऱ्यासारख्या गजबजलेल्या वस्तीत राहणाऱ्या एखाद्या हौशी गृहस्थाने हे पैसे मोजावेत काय? याचे उत्तर देण्यापूर्वी ब्रेक नेमके काय करतो हे समजून घेणे अवश्य आहे.

ब्रेक गती नाहीशी करीत नाही. तो गतीची उष्णता करतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळले जातात आणि घर्षणाने चकती तापते. १६०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने सुमारे दोन लिटर पाण्याला उकळी फुटेल. वेग निम्मा, म्हणजे ५० असता, अर्धा लिटर. दुप्पट, म्हणजे २०० असता, आठ लिटर! वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हा निसर्गाचा हिशेब आहे आणि ब्रेकांची सारी निवड या एका हिशेबाभोवती फिरते.

आता चकत्यांविषयी. व्यवहारात जिला पोलादी म्हणतात, ती चकती वस्तुतः बहुधा बिडाची असते. बीड स्वस्त, टिकाऊ आणि उष्णता झपाट्याने पसरवणारे आहे. पण ते जड असते आणि गंजते. सिरॅमिक चकतीचा लोणच्याच्या बरणीशी काही संबंध नाही. कार्बनच्या तंतूंचा साचा भट्टीत भाजून त्यात वितळलेले सिलिकॉन मुरवतात. कार्बन व सिलिकॉन यांच्या संयोगाने अत्यंत कठीण पदार्थ तयार होतो. सिलिकॉन १४०० अंशांहून अधिक उष्णतेवर वितळते, यावरून या कामाचा खर्च ध्यानात यावा. पोर्शे कंपनीने २००१ साली ९११ जीटी-२ या मोटारीवर असे ब्रेक दिले. या चकतीचे वजन बिडाच्या चकतीच्या सुमारे निम्मे भरते.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. सिरॅमिक ब्रेकाने मोटार कमी अंतरात थांबते, असे पुष्कळांना वाटते. परंतु मोटारीला अखेर थांबवतो तो टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाचा जोर. चाक जागीच अडकवण्याइतकी ताकद दोन्ही प्रकारच्या ब्रेकांत असते. त्यापुढे टायरची पकड हीच मर्यादा ठरते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी १०० वरून थांबावयास सुमारे ४० मीटर लागतात, आणि एका थांब्यात चकतीच्या जातीने त्यात फारसा फरक पडत नाही.

मग सिरॅमिकचा लाभ कोठे? जेथे प्रचंड वेगावरून पुनःपुन्हा ब्रेक लावावे लागतात तेथे. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या अखेरीस प्रत्येक फेरीत मोटार आवरावी लागते. अशा वेळी सामान्य पॅड अतितापून त्यांची पकड ढिली पडते. सिरॅमिक मात्र शेकडो अंशांवरही आपले काम बिनतक्रार करते. शिवाय चाके हलकी होतात, चकत्यांवर गंज चढत नाही आणि चाकांवर काळी धूळ कमी बसते. तथापि दोषही आहेत. टायर बदलताना चाकाचा धक्का लागल्यास चकतीची कड टवका उडून निकामी होऊ शकते. अतिउष्णतेत तिच्यातील कार्बन हळूहळू जळतो आणि नवी चकती फार महाग पडते. म्हणूनच शर्यतीच्या मैदानावर नित्य जाणारे कित्येक चालक पुन्हा बिडाकडे वळतात.

सक्करदऱ्यात बुधवारच्या बाजाराच्या दिवशी मोटार पादचाऱ्याच्या गतीने सरकते. तेथे या लाभांपैकी एकही पदरी पडत नाही. समृद्धी महामार्गाच्या सपाट टप्प्यातही मर्यादा ताशी १२० ची आहे. त्या वेगावरून थांबताना निघणारी उष्णता तीन लिटर पाणीही उकळवणार नाही, आणि बीड ती सहज पेलते. नागपूरच्या उन्हाळ्याची धास्तीही अनाठायी आहे. शेकडो अंश सोसणाऱ्या चकतीला बाहेरचे ४५ अंश म्हणजे काहीच नव्हे.

खरी काळजी घ्यावयाची ती ब्रेक ऑइलची. डॉट-४ जातीचे नवे ऑइल २३० अंशांच्या आत उकळता कामा नये, असा दंडक आहे. पण ते हवेतील ओलावा शोषते आणि तोच दंडक ओलावलेल्या ऑइलसाठी १५५ वर येतो. ऑइल उकळले की नळीत वाफ धरते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. मग चकती कितीही मोलाची असो. सामान्यतः दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. उतरलेल्या पैशांतून उत्तम टायर घ्यावेत आणि घाट उतरताना खालचा गिअर वापरावा.

सप्टेंबर २०२२ मध्ये सक्करदरा उड्डाणपुलावर भरधाव मोटारीने दुचाकींना धडक दिली आणि एकाच कुटुंबातील चौघे पुलाखाली फेकले जाऊन मृत्यू पावले. ताशी १०० ने धावणारी मोटार चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदातच सुमारे २८ मीटर पुढे जाते. ते अंतर कमी करणारी चकती कोणत्याही कारखान्यात घडत नाही. ज्याला शर्यतीचे मैदान गाठावयाचे आहे आणि खर्चही झेपतो, त्याने सिरॅमिक अवश्य घ्यावे. ज्याची मोटार शहरात आणि महामार्गावर धावणार आहे, त्याला बीड पुरेसे आहे. मात्र महागडा ब्रेक घेतला म्हणून अधिक वेगाची मुभा मिळाली, असे दोघांपैकी कोणीही समजू नये.