पडदा भरला, चेहरा बिघडला

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला तेव्हा सिनेमाची चौकट आजच्यासारखी लांबट नव्हती. रुंदी साधारण चार भाग, तर उंची तीन. हाच चित्रपट आज घरच्या टीव्हीवर लावला की पुष्कळदा विष्णुपंत पागनिसांचा चेहरा आडवा पसरतो आणि माणसं आहेत त्याहून बुटकी दिसू लागतात. जुना सिनेमा म्हटल्यावर चित्र असंच असायचं, अशी समजूत करून घेऊन आपण पाहत राहतो. पण दोष सिनेमात नसतो आणि प्रिंटमध्येही नसतो. साठवलेल्या चित्रात किती पिक्सेल आहेत आणि ते चित्र कोणत्या आकारात दिसायला हवं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट वाटेत कुठे हरवली, किंवा काळे पट्टे नकोत म्हणून आपण ती धुडकावली, की चित्र बिघडतं. म्हणून ज्या पट्ट्यांना आपण दोष समजतो, तेच बहुतेक वेळा चित्र बरोबर असल्याची खूण असतात.

डीव्हीडीचंच उदाहरण घ्या. आपल्याकडच्या डीव्हीडीवर एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ पिक्सेल असतात. भागाकार केला तर १.२५ येतं. पण ४:३ म्हणजे १.३३ आणि १६:९ म्हणजे १.७८. डीव्हीडीवरचं चित्र या दोहोंपैकी एका आकारात दिसायचं असतं, आणि साठवलेले आकडे तर दोहोंशीही जुळत नाहीत. ही चूक नाही. १९८२ साली, म्हणजे दूरदर्शन रंगीत झालं त्याच वर्षी, डिजिटल टीव्हीचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. तेव्हा प्रश्न होता की अमेरिका-जपानची ५२५ रेषांची आणि युरोप-भारताची ६२५ रेषांची पद्धत एकाच वेगाने कशी मोजायची. सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतले तर दोन्हीकडे एका रेषेच्या दिसणाऱ्या भागात ७२० नमुने बसतात, असं गणित जमलं. म्हणजे ७२० हा आकडा वेळेच्या हिशेबातून आला, आकाराच्या नव्हे. पिक्सेल चौरस असायला हवा, हा आग्रह तेव्हा कुणाचा असण्याचं कारणही नव्हतं, कारण पिक्चर ट्यूबवर आडव्या दिशेला पिक्सेल नसतातच. तिथे इलेक्ट्रॉनांचा झोत सलग रेषा ओढत जातो. परिणामी ४:३ चित्रात आपल्या पद्धतीचा पिक्सेल किंचित रुंद निघाला आणि अमेरिकी पद्धतीचा किंचित उंच.

व्हिडिओ कॉम्प्रेस करायची वेळ आली तेव्हा आणखी एक बंधन आलं. एमपेग पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळ्यातला बदल तेवढा नोंदला जातो. व्हीसीडीसाठी ७२० चं निम्मं करून ३६० घेणं सोपं होतं, पण ३६० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही. ३५२ ला जातो. म्हणून व्हीसीडी झाली ३५२ बाय २८८, आणि तिचं चित्र मात्र ४:३ मध्येच दाखवायचं. हीच अडचण एचडीलाही आहे. १०८० ला १६ ने भाग जात नाही, म्हणून आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एच.२६४ पद्धतीत प्रत्यक्षात १०८८ ओळी साठवतात आणि दाखवताना आठ गाळतात. काही एचडी कॅमेरे १४४० बाय १०८० मध्ये चित्रण करत. ते नुसतं पाहिलं तर ४:३ वाटतं, पण दाखवायचं असतं १६:९. थोडक्यात, फाइलमधल्या पिक्सेलच्या संख्येवरून चित्राचा आकार ठरवता येत नाही.

मग तो ठरतो कशावरून? फाइलमध्येच त्याची वेगळी नोंद असते. डीव्हीडीच्या एमपेग-२ मध्ये सुरुवातीलाच एक छोटा संकेतांक असतो: हे चित्र ४:३, हे १६:९. डीव्हीडीवरचा ४:३ सिनेमा आणि १६:९ सिनेमा या दोहोंत पिक्सेल अगदी सारखे असतात. फरक फक्त या नोंदीचा. आणि ती नोंद हरवण्याच्या जागा पुष्कळ आहेत. डीव्हीडीची फाइल लहान करताना सॉफ्टवेअर ७२० बाय ५७६ चे पिक्सेल जसेच्या तसे उतरवतं आणि नोंद मागे सोडतं, मग १६:९ सिनेमातली माणसं उभी ताणल्यासारखी किडकिडीत होतात. पेन ड्राइव्हवरची फाइल काही टीव्ही नोंद न वाचताच चालवतात. एचडीएमआय केबलमधून चित्रासोबत आकाराची माहितीही जाते. जुन्या सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या केबलमधून ती बहुधा पोहोचत नाही. वर बॉक्स आणि टीव्ही दोघांच्याही सेटिंगमध्ये ताणण्याची सोय असते, त्यामुळे एकच चित्र दोनदा बिघडू शकतं.

किती बिघडतं, हे टेपने मोजता येतं. ४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच असतो. ४:३ चं चित्र त्यावर नीट बसवलं तर रुंदी साधारण ७१ सेंटिमीटर होते आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटरचे काळे पट्टे उरतात. तेच चित्र पूर्ण पडद्यावर ताणलं की प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते. ३० सेंटिमीटर उंच दिसणारा पूर्णचंद्र ४० सेंटिमीटर रुंद होतो. शंका असेल तेव्हा पडद्यावर गोल वस्तू शोधावी. घड्याळ, गाडीचं चाक, ताट, काहीही चालेल. फक्त ती कॅमेऱ्याला समोरासमोर हवी. मग तिची उंची आणि रुंदी मोजावी. सेटिंगच्या मेनूतल्या नावांपेक्षा ही कसोटी जास्त भरवशाची आहे.

यावर पहिला आक्षेप असा की एवढे पैसे मोजून मोठा टीव्ही घेतला, तर त्याचा पाव भाग काळा का ठेवायचा? आक्षेप रास्त वाटतो, पण ताणल्याने त्या पाव भागात काही नवीन येत नाही. दिग्दर्शकाने टिपलेलं तेवढंच चित्र रुंद होतं. तपशील एकानेही वाढत नाही. मग ताणू नये, झूम करावं, असं कुणी म्हणेल. झूममध्ये चेहरे बिघडत नाहीत हे खरं, पण ४:३ चित्राचा वरचा आणि खालचा मिळून पाव भाग कापला जातो. नृत्यात पाय जातात, बातम्यांत खालची अक्षरं. सिनेमास्कोपचा अनुभव तर आपल्याकडे जुनाच आहे. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ साली आला, तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. २.३५ पट रुंद चौकटीचा असा सिनेमा जुन्या ४:३ टीव्हीवर पडदा भरून दाखवला, तर चौकटीचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग बाहेर राहतो. १६:९ हे प्रमाण पुढे निवडलं गेलं तेच ४:३ आणि २.३५ यांच्यामधलं म्हणून. त्यामुळे जुन्या सिनेमाला बाजूंना आणि रुंद सिनेमाला वर-खाली, असे पट्टे दोघांनाही येणारच. ती त्या तडजोडीची ठरलेली किंमत आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: थोड्या वेळात डोळ्यांना सवय होते, मग बिघडलं कुठे? सवय होते, यात वाद नाही. मायकेल वेबस्टर आणि ओटो मॅक्लिन यांनी १९९९ साली दाखवून दिलं की विकृत केलेले चेहरे काही वेळ पाहिले की नंतर साधे चेहरेच उलट दिशेने विकृत भासतात. म्हणजे सवय होते तेव्हा चूक मिटत नाही, आपलं मोजमाप सरकतं. ताणलेलं चित्र पाहण्याची सवय झालेल्या घरात बरोबर चित्र लावलं की सगळे ‘चेहरे बारीक दिसतात’ म्हणतात, ते यामुळेच. तिसरी शंका ओएलईडी पडद्याची. स्थिर पट्ट्यांमुळे पडदा असमान झिजू शकतो, हे तत्त्वतः खरं आहे. पण त्यासाठी महिनोन् महिने तासन् तास ४:३ च पाहावं लागेल. मिश्र कार्यक्रम पाहणाऱ्या घरात त्या भीतीने चित्र ताणण्याचं कारण नाही.

करायचं ते थोडंच आहे. टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’मध्ये ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवावं आणि सेट टॉप बॉक्समधलं ताणणं बंद करावं. एचडीएमआयवर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडावं, नाहीतर पिक्चर ट्यूबच्या काळातल्या रिवाजाप्रमाणे टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापत राहतो. एमकेव्ही फाइलमधली नोंदच चुकली असेल तर पुन्हा कॉम्प्रेस करू नये, त्यात दर्जा विनाकारण घटतो. एमकेव्हीटूलनिक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरने तेवढी नोंद दुरुस्त होते. सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी ती घरोघरच्या लग्ना-मुंजीच्या व्हिडिओ कॅसेटची. त्या डिजिटल करून देणारे पुष्कळ जण पडदा भरलेला दिसावा म्हणून चित्र कायमचं १६:९ मध्ये ताणून देतात, आणि मूळ टेप बुरशीने गेली की ते ताणलेलं रूपच उरतं. कॅसेट देतानाच सांगा: चित्र ४:३ मध्येच हवं, चौरस पिक्सेल करायचे असतील तर ७६८ बाय ५७६, आणि बाजूचे पट्टे असू द्या. फाइल हाती आल्यावर पैसे चुकते करण्याआधी एखादी गोल वस्तू मोजून पाहा.