आधी सही, मग स्कॅन

वर्ध्यातल्या एका महाविद्यालयात एथिकल हॅकिंगचं प्रात्यक्षिक बघायला गेलो, तर बराच वेळ कुणी कीबोर्डला हातच लावला नाही. सर पोरांकडून एक कागद लिहून घेत होते. कोणत्या यंत्रावर हल्ला करायचा, त्याचा आयपी पत्ता, वेळ कधीपासून कधीपर्यंत, काय करायचं नाही, आणि खाली परवानगी देणाऱ्याची सही.

"सर, लॅब तर आपलीच आहे ना?" मागून एक जण कुरकुरला.

"कॉलेजची आहे. तुझी नाही."

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं येतं. तेच अप्रामाणिकपणे केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चोर आणि तपासनीस यांची अवजारं एकच असतात. त्यामुळे मला तरी तो कागद हेच या कामातलं खरं कौशल्य वाटलं. पोरांना अर्थातच तसं वाटत नव्हतं.

गोपनीयता, अखंडता, उपलब्धता ही सुरक्षेची तीन मूळ सूत्रं सरांनी सातबाऱ्यावर समजावली. सातबारा कुणीही पाहू शकतो, तिथे गुप्त ठेवण्यासारखं फारसं नाही. पण त्यातलं नाव गुपचूप बदललं तर अखंडता गेली. आणि पीककर्जासाठी रांगेत उभं असताना संकेतस्थळच बंद पडलं तर उपलब्धता गेली. सेलू-देवळीकडच्या पोरांना यापुढे व्याख्या सांगायची गरज उरली नाही.

मग इंटरनेटची केबल काढली. एकाच संगणकात दोन आभासी यंत्रं चालू झाली. एकावर काली लिनक्स, म्हणजे तपासनीसांची अवजारं आधीच असलेली प्रणाली, दुसरं ‘मेटास्प्लॉइटेबल’, म्हणजे सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं यंत्र. एनमॅप नावाच्या अवजारानं उघडी पोर्टं शोधली. पडद्यावर यादी उतरली, आणि सरांनी पहिल्याच ओळींपैकी एकीवर बोट ठेवलं. पोर्ट २१, फाइलींची ने-आण करणारी एफटीपी सेवा: व्हीएसएफटीपीडी, आवृत्ती २.३.४.

या आवृत्तीची गोष्ट मजेशीर आहे. २०११ मध्ये तिच्या अधिकृत डाउनलोडमध्येच कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. वापरकर्त्याच्या नावाशेवटी कोलन आणि बंद कंस, म्हणजे हसरा चेहरा, टाकला की ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडतं आणि यंत्राचा पूर्ण ताबा मिळतो. पासवर्ड काहीही दिला तरी चालतो. एका मुलीनं तो हसरा चेहरा टाइप केला, दुसऱ्या खिडकीतून ६२०० ला जोडणी केली, ‘मी कोण’ असं विचारलं. उत्तर आलं, ‘रूट’, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. वर्गात शिट्ट्या वाजल्या. सरांनी विचारलं, "वेळ टिपली का?" टिपली नव्हती.

पासवर्ड फोडण्याचा भाग त्यामानानं रटाळ. फक्त एक गोष्ट लक्षात राहिली. २००९ मध्ये ‘रॉकयू’ या कंपनीकडून फुटलेली सुमारे १ कोटी ४० लाख पासवर्डांची यादी आजही जगभर सरावाला वापरतात. इथल्या पोरांनी तिच्यात आपली भर घातली होती: हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, पुढे ॲट आणि १२३. सरावाच्या खात्यांपैकी काही त्यावरच उघडली.

नंतर चर्चा पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरच्या सायबर दरोड्यावर आली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएमला पैसे देण्याआधी ‘खात्यात शिल्लक आहे का’ हे बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारावं लागतं, आणि हा निरोप स्विच नावाच्या यंत्रणेतून जातो. चोरांनी मालवेअर घुसवून समांतर खोटा स्विच उभा केला. निरोप मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हता, मध्येच ‘द्या’ असं उत्तर मिळत होतं. नकली कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एटीएमसमोर उभी होती, काही आपल्याच कोल्हापुरातही. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय निरोप-जाळ्यामार्गे आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४ कोटींवर. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर इथे गोपनीयतेपेक्षा अखंडता मोडली होती. प्रश्न खरा, उत्तर बनावट.

शेवटचा तास अहवालाचा, आणि तोच सर्वांत जास्त वेळ खाणारा. रूट मिळवणाऱ्या मुलीनं दिमाखात लिहिलं होतं, ‘यंत्र पूर्णपणे हॅक केले.’ सरांनी ते वाक्य खोडलं. कोणत्या आवृत्तीत दोष आहे, तो कोणत्या क्रमानं पुन्हा दाखवता येईल, धोका किती, दुरुस्ती काय, हे लिहायला सांगितलं. तिनं नवी आवृत्ती बसवावी असं लिहिलं.

"आणि एफटीपी लागतंच कशाला, ते विचारलं का त्यांना?" सर म्हणाले. तिनं वहीचं पान उलटून पुन्हा सुरुवात केली, यावेळी तारीख आणि वेळ आधी टाकून.