ब्रेक लागला नाही: मोटारदुरुस्तीच्या तंट्यातील क्रियापदांचा विचार

मोटारीचा ब्रेक बिघडला म्हणून ती विक्रेत्याच्या कार्यशाळेत दिली, बिल चुकते करून परत आणली आणि थोड्याच दिवसांत तोच बिघाड पुन्हा उद्भवला, तर त्यातून निर्माण होणारा तंटा वरवर पाहता यंत्रशास्त्राचा व कायद्याचा विषय ठरतो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण इतकेच, की तंटा सुनावणीस येतो तेव्हा यंत्र बहुधा साक्षीस हजर नसते. काढलेले पॅड व सील भंगारात गेलेले असतात. मोटार दुसऱ्या कारागिराने दुरुस्त केलेली असते, कारण ब्रेकवाचून ती दारात उभी ठेवणे कोणास परवडत नाही. उरतात ती वाक्ये: जॉब कार्डावरील, बिलावरील, पावतीवरील आणि वकिलाच्या नोटिशीतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार जिल्हा आयोगाने तक्रार ऐकावयाची ती प्रतिज्ञापत्रे आणि दाखल झालेला कागदोपत्री पुरावा यांच्या आधारे. तेव्हा ही वाक्ये घडतात कशी आणि घडताना त्यांतून काय गळून पडते, हे पाहणे अप्रस्तुत होऊ नये.

प्रथम 'ब्रेक' हा शब्दच घेऊ. मराठीत तो पुल्लिंगी म्हणून रुळला आणि रुळताना त्याने बरेच अर्थ पोटात घेतले. 'ब्रेक दाबला' म्हणताना तो पायाखालची पट्टी असतो. 'ब्रेक घासले' यात चाकाजवळचे पॅड किंवा लायनर. 'ब्रेक मारला' यात चालकाची कृती. आणि 'ब्रेक लागला' यात त्या कृतीचा परिणाम. व्यवहारात याने काही अडत नाही. तंट्यात मात्र या चौथ्या प्रयोगाशी येऊन सगळे अडते.

'लागणे' आणि 'लावणे' ही जोडी 'तुटणे-तोडणे', 'सुटणे-सोडणे', 'पडणे-पाडणे' या जातीची आहे. अकर्मक रूप वापरले की करणारा वाक्याबाहेर जातो आणि ज्यावर क्रिया घडावयाची ती वस्तूच कर्त्याच्या जागी बसते. संस्कृत वैयाकरणांनी या रचनेचा विचार कर्मकर्तरि प्रयोग म्हणून केला आहे: लाकूड आपणहून फुटते, भात आपणहून शिजतो. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. तेव्हा अशा वाक्यात वस्तूला क्षणभर स्वातंत्र्य बहाल होते. भाताच्या बाबतीत ही उदारता निरुपद्रवी आहे. 'ब्रेक लागला नाही' या वाक्यात मात्र चालक, कारागीर, सुटा भाग बनविणारा आणि मोटारीचा निर्माता असे चार संभाव्य कर्ते एकदम अदृश्य होतात, आणि ब्रेक तेवढा आपल्या मर्जीने न लागल्यासारखा दिसतो.

पुढील तीन वाक्ये ताडून पाहावीत. 'ब्रेक लागला नाही.' 'माझ्याकडून ब्रेक लागला नाही.' 'ब्रेक लावूनही गाडी थांबली नाही.' दुसऱ्या वाक्यातील '-कडून' हा अनिच्छेने घडलेल्या वा न घडलेल्या क्रियेचा कर्ता दाखवितो. अपघाताच्या धांदलीत हे वाक्य तोंडून गेले की तो जवळजवळ कबुलीजबाब ठरतो. तिसऱ्या वाक्यास शुद्धतावादी नाक मुरडतील, कारण 'लावून'चा कर्ता चालक आणि 'थांबली'चा कर्ता गाडी. ऊन-प्रत्ययान्त रूप व मुख्य क्रियापद यांचा कर्ता एकच असावा असा नियम त्यांस स्मरेल. तरीही तक्रारदाराच्या दृष्टीने तिहींत हेच वाक्य उत्तम होय. चालकाने आपले काम केले होते, हे त्यात स्पष्ट नोंदले जाते.

परंतु तेवढ्याने भागत नाही. 'लागला नाही' या दोन शब्दांआड यंत्राच्या दृष्टीने निरनिराळे बिघाड दडलेले असतात, आणि प्रत्येकाचा रोख वेगळ्या माणसाकडे जातो. मोटारीचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइल नळ्यांतून पुढे रेटतो, आणि तो दाब चाकापाशी पॅडला डिस्कवर किंवा शूला ड्रमवर आवळतो. द्रव दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते. म्हणून नळीत हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे लागते आणि दोनतीनदा भरभर दाबल्यावर घट्ट होते. नळी किंवा कॅलिपर उघडून काम केल्यावर हवा काढणे हे कारागिराचेच काम असल्यामुळे, दुरुस्तीनंतर लगेच दिसलेले हे लक्षण थेट कार्यशाळेकडे बोट दाखविते. याउलट पेडलवर पाय स्थिर ठेवला असता ते हळूहळू खाली बसत जात असेल, तर कोठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील सील दाब धरीत नाही. त्याला वय, हलका सुटा भाग किंवा चुकीची जोडणी यांपैकी काहीही कारण असू शकेल. पेडल दगडासारखे कठीण आणि गाडी मात्र थांबत नाही, असे झाले तर बूस्टरची निर्वात व्यवस्था तपासावी लागते. गाडी थांबते पण एका बाजूस ओढली जाते, तेव्हा एका चाकाचे कॅलिपर अडकले असण्याचा किंवा लायनरवर तेल उतरले असण्याचा संशय येतो.

आणखी एक प्रकार घाटात घडतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या अवस्थेत १४० अंश पुरेसा मानला जातो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर सतत पाय ठेवल्याने चाकाजवळची उष्णता वाढते, जुने ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल तळाशी जाते. गाडी निवली की सारे पुन्हा पूर्ववत! दुसऱ्या दिवशी कार्यशाळेच्या सपाट अंगणात फेरी मारणाऱ्या कारागिरास काहीच आढळत नाही आणि कार्डावर शेरा पडतो: 'बिघाड आढळला नाही.' ग्राहकास हा शेरा आपल्याला खोटे पाडणारा वाटतो. वस्तुतः त्यात केवळ निरीक्षणाचा अभाव नोंदलेला असतो. बिघाडाचा अभाव त्यातून सिद्ध होत नाही. 'आढळणे' हे क्रियापद पाहणाऱ्यास लपवून ठेवते, म्हणून हा घोटाळा होतो.

आता जॉब कार्डाकडे वळू. ग्राहक काउंटरवर म्हणतो, 'उतारावर पेडल पार खाली जातं, दोनदा मारलं की मग लागतं.' सर्व्हिस अॅडव्हायझर लिहितो, 'ब्रेक चेक करणे.' या संक्षेपात उतार गेला, पेडल गेले, 'दोनदा'ही गेले, म्हणजे निदानास उपयोगी पडणारे सारे गेले. शिवाय '-णे' या रूपाला कर्ता नाही, काळ नाही आणि पूर्णत्वही नाही. क्रियापदांच्या अर्थाचे जे वर्गीकरण झेनो व्हेंडलर याने १९५७ साली मांडले, त्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर 'तपासणे' ही नुसती चालणारी क्रिया आहे, 'दुरुस्त करणे' ही सिद्धीस जाणारी क्रिया आहे. पाच मिनिटे तपासले तरी 'तपासले' हे वाक्य खरे ठरते. दुरुस्तीचे तसे नाही, ती झाली किंवा झाली नाही. ग्राहक दुरुस्तीचे वचन मिळाले अशा समजुतीने घरी जातो आणि कागदावर तपासणीचेच वचन असते.

याला कायद्याच्या दृष्टीने महत्त्व आहे. सेवेतील त्रुटीची जी व्याख्या २०१९ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे, तिच्यात कायद्याने आवश्यक असलेला दर्जा आणि कराराने पत्करलेले काम असे दोन्ही मापदंड आहेत. पत्करले काय, हे जॉब कार्डावरील क्रियापद सांगते. सुदैवाने पहिला मापदंड कार्डावर अवलंबून नाही. शिवाय १९८६ च्या कायद्यातील व्याख्येत नसलेली एक भर २०१९ साली पडली: संबंधित माहिती हेतुतः दडवून ठेवणे हीही त्रुटीच. मास्टर सिलिंडर बदलण्याजोगा झाला आहे हे कारागिरास दिसले, त्याने केवळ पॅड बदलले आणि उरलेले जाणूनबुजून सांगितले नाही, तर ते न सांगणे कृतीच्या पंक्तीस बसते. मौनास अर्थ असतो हे आपण वर्गात शिकवितो. विधिमंडळाने ते मान्य केलेले पाहून समाधान वाटते.

कायदा 'दोष' वस्तूचा मानतो आणि 'त्रुटी' सेवेची. या शब्दभेदाचा उपयोग चेंडूसारखाही होतो. विक्रेता म्हणतो, दोष भागातच होता, कंपनीस विचारा. कंपनी म्हणते, भाग निर्दोष होता, बसविण्यात त्रुटी झाली, विक्रेत्यास विचारा. अशा वेळी तक्रारीत दोघांसही सामील करणे हाच शहाणपणा. वस्तूचा दोष चाचणीवाचून ठरविता येत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्यासाठी वस्तू हाती असावी लागते. कॅलिफोर्नियात १९७१ साली झालेल्या मोटारदुरुस्ती कायद्याने कार्यशाळेवर लेखी अंदाजपत्रकाची सक्ती केली, आणि काम देताना मागणी केल्यास बदललेले जुने भाग ग्राहकास परत करण्याचीही. आपल्याकडे ग्राहकाने 'जुने भाग परत द्यावेत' हे तीन-चार शब्द जॉब कार्डावर स्वतःच लिहवून घ्यावेत हे बरे.

येथवर कर्ता हरवल्याचा विचार झाला. परंतु काही वेळा कर्ते दोन असतात. 'मी ब्रेक दुरुस्त करवून घेतला' या प्रयोजक रचनेत करविणारा मालक आणि करणारा कारागीर. त्या ब्रेकमुळे तिसऱ्याच माणसास इजा झाली तर दायित्व कोणाचे? स्टेनेट विरुद्ध हॅनकॉक या १९३९ च्या इंग्लंडमधील खटल्यात नुकत्याच दुरुस्त केलेल्या लॉरीच्या चाकाची कडी निसटून पदपथावरील स्त्रीस लागली. न्यायालयाने दुरुस्ती करणाऱ्यास जबाबदार धरले, आणि लायक कारागिराकडे काम सोपविणाऱ्या मालकास मुक्त केले. मॅलोनी विरुद्ध रॅथ या १९६८ च्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकी उलट बाजू घेतली. तेथे अपघातापूर्वी सुमारे तीन महिने ब्रेकची संपूर्ण दुरुस्ती झाली होती, चूक कारागिराची होती आणि मालकिणीस तिची कल्पना नव्हती. तरी ब्रेक सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, असे ठरून दायित्व तिच्याकडे आले. पहिल्या निर्णयाने करणाऱ्यास कर्ता मानले, दुसऱ्याने करविणाऱ्यास. माझ्या मते जखमी माणसाच्या बाजूने पाहता दुसरा निर्णय अधिक न्याय्य आहे. त्याला कार्यशाळेचा पत्ता शोधत हिंडावे लागू नये. मात्र ग्राहकाची स्थिती त्याने अवघड होते, कारण तो एकीकडे फसवला गेलेला आणि दुसरीकडे उत्तरदायी.

हाउस ऑफ लॉर्ड्सपुढील हेंडरसन विरुद्ध जेंकिन्स हा १९६९ चा खटला याच्या जोडीस ठेवावा. उतारावर लॉरीचा ब्रेक निकामी होऊन एक माणूस दगावला. ब्रेक ऑइलची नळी गंजून तिला भोक पडले होते, आणि ते नळी काढल्याशिवाय दिसण्याजोगे नव्हते. दोष गुप्त होता, असा मालकांचा बचाव. बहुमताने तो अमान्य झाला. लॉरीने पूर्वी कसली वाहतूक केली, नळी गंजावी असे काही तिच्या वाट्यास आले होते काय, हे मालकच सांगू शकत होते आणि त्यांनी सांगितले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मिनू मेहता खटल्यात १९७७ साली असेच म्हटले, की यांत्रिक बिघाडाचा बचाव घेणाऱ्याने तो बिघाड गुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही कळण्याजोगा नव्हता, हे दाखविले पाहिजे. जी गोष्ट विशेषतः एकाच पक्षास ठाऊक, तिच्या शाबितीचा भार त्याच्यावर, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०६ व्या कलमात होते. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. कार्यशाळेच्या बंद दाराआड काय झाले हे ग्राहकास ठाऊक असणे शक्य नसते, म्हणून त्याच्या दृष्टीने हे तत्त्व मोलाचे.

गाडी ताब्यात घेताना जी सही घेतली जाते तिच्याविषयी थोडेसे. 'काम समाधानकारक झाले' हे वर्णन दिसते, पण ऑस्टिनने दाखवून दिल्याप्रमाणे काही वाक्ये वर्णन न करता कृती करतात. सही करणारा येथे आपला दावा सोडून देतो, असा युक्तिवाद पुढे होतो. परंतु कृती साधण्यास कर्ता तिच्या अधिकाराच्या स्थितीत असावा लागतो. गाडी अजून रस्त्यावर गेलेली नाही, तर ब्रेकविषयी समाधान व्यक्त करण्याच्या स्थितीत ग्राहक नसतोच. 'गाडी मिळाली, ब्रेकची परीक्षा व्हावयाची आहे' असे लिहून सही करण्यास कोणाची आडकाठी नाही. बिलाविषयीही तेच. १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाने दुरुस्ती करणाऱ्यास मोबदला मिळेतो वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क दिला आहे, म्हणून पैसे द्यावेत, पण बिलावर 'हरकत राखून' हे दोन शब्द लिहावेत. तक्रारीस मुदत दोन वर्षांची आहे; दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे शुल्क पडत नाही.

शेवटी दुसऱ्या कारागिराचा दाखला. तोच बहुधा एकमेव तज्ज्ञ पुरावा असतो आणि भाषेमुळे तोच बहुधा वाया जातो. 'आधीच्यांनी काम नीट केलेले नसावे' यातील 'नसावे' हे अनुमान आहे. विरुद्ध पक्षाचा वकील त्याच एका रूपावर बोट ठेवतो. आधी दुरुस्ती झाली आणि मग बिघाड झाला, एवढ्याने दुरुस्तीमुळे बिघाड झाला असे होत नाही, हेही तो सांगेल, आणि ते योग्यच आहे. दाखला असा असावा: अमुक तारखेस गाडी आली तेव्हा पेडल तळापर्यंत जात होते, तीनदा दाबल्यावर घट्ट झाले, डाव्या मागील चाकाचा ब्लीड स्क्रू सैल केल्यावर ऑइलबरोबर बुडबुडे आले, नळ्यांत कोठेही गळती नव्हती, हवा काढल्यानंतर, एकही भाग न बदलता, ब्रेक नीट लागला. येथे 'लागला' हे क्रियापद पुन्हा आले आहे, परंतु आता त्याच्या आधीच्या वाक्यांत प्रत्येक क्रिया कोणी व कशावर केली ते कळते, आणि दुरुस्ती करणाऱ्याने खाली सही केलेली असते.